मनगटावरची टकटक

डिसेंबरातली सकाळ. लक्ष्मी तालावर धुके इतके दाट होते की पलीकडचा काठ दिसत नव्हता. अण्णा नेहमीप्रमाणे गंगाधररावांच्या छत्रीपर्यंत चालत आले आणि जरा टेकले. कानाला मफलर, अंगात जाड कोट, कोटाच्या आतल्या खिशात फोन आणि डाव्या मनगटावर लेकीने पुण्याहून पाठवलेले नवे घड्याळ.

घड्याळ थरथरले. अण्णांनी बाही वर करून पाहिले. पडद्यावर ओळीने लहान लहान चौकोन उमटले होते. रिकामे, सगळे सारखे. ‘आली एखादी जाहिरात,’ असे म्हणून त्यांनी बाही खाली ओढली. दोन मिनिटांनी पुन्हा थरथर. या वेळी कुणाचा तरी फोन होता, पण नावाच्या जागी पुन्हा चौकोनच. कर्ज घ्या, प्लॉट घ्या म्हणणाऱ्यांचे फोन काय कमी येतात? अण्णांनी तो कापला.

तो फोन लेकीचा होता आणि आधीचा संदेशही तिचाच. ‘अण्णा, साखर उतरतेय. आत्ता काहीतरी गोड खा.’

अण्णांना इन्शुलिन घ्यावे लागते. दंडावर एक नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला असतो. तो साखरेचा आकडा फोनमधल्या ॲपला कळवतो आणि घरच्यांना परवानगी दिली असेल तर तोच आकडा त्यांच्याही फोनवर दिसतो. आदल्या संध्याकाळी अण्णा गणेश मंदिरात गेले होते. राणी लक्ष्मीबाईंचे लग्न १८४२ मध्ये लागले ते हेच मंदिर. झाशीतल्या मराठी घरांचे येणेजाणे तिथे आजही असते. तिथे गेल्यावर फोनचा आवाज बंद केला, तो चालू करायचे राहिले. प्रसाद खाल्ला, म्हणून रात्री जेवण नको म्हणाले. इन्शुलिन मात्र नेहमीइतकेच घेतले. सकाळी सेन्सरचा आकडा ५८ वर आला तेव्हा फोन खिशात मुका होता. पुण्यात लेक जागी होती, तिने पाहिले, लिहिले, फोन केला. नऊशेहून अधिक किलोमीटर ओलांडून तिची हाक वडिलांच्या मनगटापर्यंत येऊन पोचली आणि तिथे तिचे चौकोन झाले.

थंडीत घाम फुटला, हात कापू लागले तेव्हा चहाच्या टपरीवाल्याच्या ध्यानात आले. ‘दादाजी, तबियत ठीक नहीं है क्या?’ त्याने घाईघाईने चार चमचे साखर घातलेला चहा पुढे केला. दहापंधरा मिनिटांत अण्णा सावरले. साखर ७० च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्यायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हा डॉक्टरांनी शिकवलेला नियम टपरीवाल्याला ठाऊक नव्हता. त्याने तो पाळला एवढे खरे.

घरी आल्यावर काय झाले असेल ते सांगायला नको.

‘सहा हजारांचं घड्याळ हाताला बांधून फिरता आणि वेळेला त्याचा उपयोग शून्य!’ आजी म्हणाल्या.

‘अगं, त्याला मराठीच येत नाही, त्याला मी काय करू?’

वाक्य हसण्यासारखे होते, पण त्या दिवशी घरात कुणी हसले नाही.

नाताळच्या सुट्टीत नात झाशीला आली. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आल्या आल्या तिने आजोबांचे घड्याळ आणि फोन शेजारी शेजारी ठेवले आणि दोष कुठे आहे ते शोधायला बसली. दोष दोन निघाले.

पहिला असा. स्वस्तातल्या घड्याळाला स्वतःचे इंटरनेट नसते. फोनमध्ये सूचना आली की घड्याळाच्या कंपनीचे ॲप तिची नक्कल ब्लूटूथवरून मनगटाकडे धाडते. अँड्रॉइड फोनमध्ये दुसऱ्या ॲपला अशा सूचना वाचू देण्याची सोय २०१३ च्या ४.३ आवृत्तीपासून आहे. आयफोननेही त्याच वर्षी घड्याळांसाठी तशी वाट करून दिली. पण वाट असली तरी दारावर पहारेकरी असतो. या घड्याळाच्या ॲपमध्ये एक यादी होती: फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप, फेसबुक अशी दहाबारा नावे. सेन्सरचे ॲप तिसऱ्याच कंपनीचे. त्याचे नाव यादीत कुठून असणार? यादीच्या तळाशी ‘इतर’ असे एक बटण होते आणि ते बंद होते. ज्या आकड्यावर आजोबांचा जीव अवलंबून तो ‘इतर’मध्ये, आणि फेसबुकवर कुणाचा वाढदिवस आहे हे मात्र पहिल्या रांगेत!

नातीने ‘इतर’ चालू केले. दुसऱ्या दिवशी अण्णांचे मनगट सकाळपासून थरथरत राहिले. साड्यांचा सेल, क्रिकेटचा स्कोअर, बॅटरी कमी झाली, बॅटरी भरली, कुणीतरी कुठेतरी फोटो टाकला. दुपारी अण्णांनी घड्याळ काढून देवघराच्या फळीवर ठेवले.

‘हे बघ बेटा, रेल्वेत मी तीस वर्षं नोकरी केली. तिथे प्रत्येक घंटेला अर्थ असायचा. ही घंटा आहे की खुळखुळा?’

नात गप्प बसली, पण तिला मुद्दा कळला. मग तिने उलट्या बाजूने काम सुरू केले. घड्याळाकडे येणारा पूर अडवायचा तो फोनमध्येच. अँड्रॉइडच्या १३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, नवे ॲप सूचना पाठवण्याआधी परवानगी मागते. अण्णांनी प्रत्येकाला ‘हो’ म्हटले होते. कोणी दारात उभे राहिले तर नाही कसे म्हणायचे, हा त्या पिढीचा स्वभाव. नातीने एकेक करून सत्तावीस ॲप्सची तोंडे बंद केली. काहींना अर्धवट बंद करता आले. २०१७ पासून अँड्रॉइडमध्ये एकाच ॲपच्या सूचनांचे वेगवेगळे कप्पे करता येतात. औषधाच्या दुकानाच्या ॲपमध्ये ‘तुमची औषधे निघाली’ हा एक कप्पा आणि ‘आजची सवलत’ हा दुसरा. पहिला ठेवला, दुसरा बंद. सगळे एकाच कप्प्यात कोंबणारेही पुष्कळ ॲपवाले आहेत. बंद केले तर औषध चुकते, चालू ठेवले तर जाहिरात ऐकावी लागते. हे अनवधानाने होत असेल असे वाटत नाही.

या कामाला प्रोग्रामिंग लागत नाही. घरातल्या कोणालाही एका दुपारी जमेल. प्रोग्रामिंग लागले ते पुढे. सेन्सरच्या ॲपची सूचना घड्याळावर येऊ लागली, पण लांबलचक इंग्रजी वाक्याचा पहिला तुकडाच पडद्यावर मावे आणि आकडा बाहेर राही. नातीने चार संध्याकाळी खपून एक छोटे ॲप लिहिले. ते फोनमध्ये बसून सेन्सरची सूचना वाचते, तिच्यातला आकडा उचलते आणि दोनच गोष्टी मनगटाकडे पाठवते: आकडा आणि वर किंवा खाली जाणारा बाण. पहिल्या प्रयत्नात तिने आजोबांना बरे वाटावे म्हणून आकडे मराठीत टाकले. पुन्हा चौकोन! म्हणजे या घड्याळाला मराठी अंकही ठाऊक नव्हते. शेवटी आकडे इंग्रजी करावे लागले.

असे ॲप घरच्या माणसाने लिहिले म्हणून ठीक. सूचना वाचायची परवानगी ज्या ॲपला देता ते बँकेचा ओटीपीही वाचू शकते, हे लक्षात ठेवलेले बरे. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या ‘घड्याळ सुधारा’ छाप ॲपला ती देणे म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या रस्त्यावरच्या माणसाच्या हाती देणे. आणि सेन्सरच्या ॲपचा स्वतःचा धोक्याचा भोंगा नातीने फोनवर तसाच चालू ठेवला. फोन मुका असतानाही तो वाजेल अशी त्यात सोय होती, ती कुणी चालू केलेली नव्हती. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे पडलेल्या ॲप्सना झोपवतो. या दोन ॲप्सना झोपवू नकोस, असेही फोनला बजावावे लागले.

या उपद्व्यापात नात एकटी नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातले एक अभियंते जॉन कॉस्टिक यांच्या मुलाला २०१२ मध्ये, अवघ्या चार वर्षांचा असताना टाइप १ मधुमेह झाल्याचे कळले. सेन्सर होता, पण त्याचा आकडा मुलाजवळच्या यंत्रावरच दिसे. मूल घराबाहेर आणि आईवडील कामावर, मग आकडा पाहणार कोण? २०१३ मध्ये कॉस्टिक यांनी स्वतः प्रोग्राम लिहून त्या यंत्रातले आकडे इंटरनेटवर आणले. इतर पालक आणि अभियंते येऊन मिळाले, त्यातून नाइटस्काउट नावाची मोफत व्यवस्था उभी राहिली आणि मुलाची साखर पेबल नावाच्या घड्याळावर दिसू लागली. पेबल हे घड्याळ एरिक मिगिकोव्स्की या तरुणाने २०१२ मध्ये लोकवर्गणीतून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा करून काढले होते. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे कुणीही त्यासाठी ॲप लिहू शकत असे. दार उघडे होते, म्हणून एक बाप आत शिरू शकला. २०१६ च्या अखेरीस ती कंपनी फिटबिटला विकली गेली, पण घड्याळे वापरणाऱ्यांनीच पुढे बरीच वर्षे ती चालती ठेवली.

दार कोणी उघडायचे यावर आता सरकारे भांडतात. आयफोनवाल्याने दुसऱ्या कंपनीचे घड्याळ बांधले तर ॲपलच्या घड्याळाइतक्या सोयी त्याला मिळत नाहीत. १९ मार्च २०२५ रोजी युरोपियन आयोगाने ॲपलला आदेश दिला की परक्या घड्याळांनाही सूचना नीट दाखवता येतील अशी व्यवस्था करा. यामुळे खासगी माहिती असुरक्षित होईल, असा ॲपलचा आक्षेप. तो सगळाच खोटा नाही. पण ५८ हा आकडा वेळेवर न कळणे हीसुद्धा एक असुरक्षितताच आहे, ती त्या वादात फारशी कोणी मोजत नाही.

झाशीला मात्र हा धडा जुना आहे. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेचा शहराला वेढा होता. तात्या टोपे मोठी फौज घेऊन राणीच्या मदतीला निघाले होते. रोजने टेकडीवर निशाणांनी खुणा करणारी चौकी बसवली होती. उत्तरेकडून फौज येत असल्याचे तिने आधीच कळवले. ३१ मार्चच्या रात्री तात्यांनी बेतवा ओलांडल्यावर प्रचंड होळी पेटवली. आम्ही आलो, ही किल्ल्याला खूण. किल्ल्यातून आणि तटावरून तोफांनी तिला उत्तर दिले. त्या जाळाचा अर्थ तटावरच्या शेवटच्या शिपायालाही न सांगता कळला. दुसऱ्या दिवशी बेतवाकाठी लढाईचा निकाल उलटा लागला, तो भाग वेगळा. पण खूण पोचली होती. खूण देणारा आणि घेणारा यांचे आधी ठरलेले असावे लागते, आणि ती घेणाऱ्याला वाचता यावी लागते.

इथे दुसरा दोष येतो, चौकोनांचा. आणि तो नातीला दुरुस्त करता आला नाही.

घड्याळाच्या पोटात अक्षरांची चित्रे साठवलेली असतात, त्याला फाँट म्हणतात. अक्षर आले आणि चित्र नसले की घड्याळ रिकामा चौकोन काढते. संगणकाच्या जगात त्याला गमतीने टोफू म्हणतात, कारण तो सोयाबीनच्या पनीरच्या तुकड्यासारखा दिसतो. गूगलने जगातल्या लिप्यांसाठी मोफत फाँट काढले, त्यांचे नोटो हे नावच ‘टोफू नको’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून आले आहे. म्हणजे चित्रे फुकट मिळतात. तरी घड्याळ बनवणारा ती घालत नाही, कारण जागा थोडी लागते आणि मेहनत थोडी जास्त.

मेहनत कसली, ते नातीने आजोबांना कागदावर मांडून दाखवले. इंग्रजी अक्षर साठवायला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘लक्ष्मी’ लिहायला ल, क, हलन्त, ष, पुन्हा हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हे लागतात. साता त्रिक एकवीस. ब्लूटूथच्या साध्या पुडक्यात मावतात वीस बाइट.

‘म्हणजे आपली लक्ष्मी एका बाइटने बाहेर राहिली?’ अण्णांनी विचारले.

‘पुढच्या पुडक्यात येते हो, आजोबा. पण घड्याळाने दोन्ही पुडकी आधी जोडली पाहिजेत आणि मग अक्षर काढलं पाहिजे. शिवाय क, ष, म जोडून एक जोडाक्षर करायचं. ऱ्हस्व वेलांटी लिहायची नंतर आणि दाखवायची आधी. हे शिकवावं लागतं त्याला.’

शिकवणे अवघड आहे, पण नवे नाही. याच उत्तर प्रदेशात, कानपूरच्या आयआयटीत, १९८० च्या दशकात संगणकाला देवनागरी शिकवली गेली. त्या कामात मोहन तांबे हे नाव ठळक आहे. पुढे पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट नावाच्या तंत्राने ती कार्यालयांच्या संगणकांत पोचवली. आजच्या घड्याळात तेव्हाच्या कार्यालयी संगणकाहून कमी बुद्धी नक्कीच नाही. तेव्हा ‘छोट्या घड्याळात मराठी बसत नाही’ असे कोणी दुकानदार म्हणाला तर मान डोलावू नये.

तोवर काय करायचे? नातीने सुचवले की आई यापुढे मराठी संदेश इंग्रजी अक्षरांत लिहील. अण्णांना ते मुळीच आवडले नाही. चार पिढ्या झाशीत काढल्या, बाहेर हिंदी बोललो, पण पत्रे मराठीतच लिहिली, आता पोटच्या पोरीचे शब्द परक्या अक्षरांत वाचू? नात म्हणाली, ‘आजोबा, आकड्याला लिपी नसते. धोक्याच्या वेळी आकडा आणि बाण पुरे. बाकी आईचं पत्र तुम्ही फोनवर वाचा, चष्मा लावून.’ यावर तोड निघाली. लेकीचे नाव मात्र फोनमध्ये इंग्रजीत लिहून घेतले, निदान तिचा फोन कापला जाऊ नये म्हणून.

आणखी एक तंटा उरला होता. आकडा कोणाकोणाला दिसावा? लेकीला दिवसरात्र हवा होता. आजींनाही हवा होता. अण्णा चिडले. ‘मी गुलाबजाम खाल्ला की पुण्यात घंटा वाजणार? मी काय कैदी आहे?’ आजींच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा ते नरमले. शेवटी ठरले ते असे: साखर ७० च्या खाली गेली तर अण्णांच्या मनगटावर, आजींच्या फोनवर आणि पुण्याला एकाच वेळी घंटा. वरच्या आकड्याचे अण्णा आणि त्यांचे डॉक्टर पाहून घेतील. डॉक्टरांनी इन्शुलिन आणि जेवणाच्या वेळाही नव्याने आखून दिल्या. खरे म्हणजे पहिली चूक तिथेच होती, घड्याळात नव्हती.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. बाजाराला हा आकडा फार आधी कळला. सुई नको, सेन्सर नको, नुसते मनगटावर बांधा आणि साखर पाहा, अशा घड्याळांच्या जाहिराती सर्रास दिसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावले की त्वचेला छेद न देता साखर मोजणारे एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. त्या आकड्यावर औषध घेतले तर जिवावर बेतेल. अण्णांचे घड्याळ साखर मोजत नाही. ते दंडावरच्या सेन्सरचा निरोप दाखवते. तो सेन्सरही रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतो, म्हणून शंका आली की अण्णा बोटाला सुई टोचून बघतातच.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी नात आजोबांबरोबर लक्ष्मी तालावर गेली. त्या दिवशीही धुके होते. परतताना थरथर झाली. आकडा ७४, बाण खाली. अजून घंटेची वेळ नव्हती, पण अण्णांनी खिशातली ग्लुकोजची गोळी तोंडात टाकली आणि टपरीवाल्याला म्हणाले, ‘आज फीकी बनाना, भैया.’

संध्याकाळी दोघे बाजारात गेले. आजींच्याही हाताला एक घड्याळ हवे, असे घरात ठरले होते. दुकानदार पावले, ठोके, झोप असे सगळे दाखवू लागला. अण्णांनी त्याला थांबवले. घड्याळ नातीच्या फोनला जोडायला लावले आणि आपल्या फोनवरून तिला एकच शब्द पाठवला: लक्ष्मी. पहिल्या घड्याळावर सात चौकोन आले. दुसऱ्यावर अक्षरे आली, पण क, ष आणि म पाय मोडलेल्या अवस्थेत सुटे सुटे उभे. दुकानदार म्हणाला, ‘बाबूजी, पढ़ने में तो आ रहा है न?’ अण्णांनी मान हलवली आणि तिसरे काढायला सांगितले.

तिसऱ्यावर शब्द नीट उमटला. अण्णांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला आणि मग किंमत विचारली.